शिशाचा पत्ता

गेल्या महिन्यात शहरातल्या एका सभागृहात भूशास्त्रावरचे व्याख्यान होते. ऑस्ट्रेलियाने खंडभरच्या नद्या-नाल्यांचा गाळ गोळा करून त्यातल्या शिशाच्या समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंचा, नकाशा कसा तयार केला, हा विषय. व्याख्यान संपले, प्रश्नोत्तरे सुरू झाली आणि अर्ध्या तासात सभागृहात सरळ दोन तट पडले. एक गट म्हणत होता, असा नकाशा आपल्याकडेही व्हावा, नवी खनिजे सापडतील, आयात कमी होईल. दुसऱ्या बाजूने एक तरुण कार्यकर्ती उठली. तिचा आवाज थरथरत होता. "लेकरांच्या रक्तात शिसं आहे, आणि आपण मातीचे रंगीत नकाशे काढत बसायचं का?" टाळ्या तिलाच जास्त पडल्या. तिची कळकळ खरी होती, पण माझे हात जुळले नाहीत. भांडणारे दोन्ही गट एकच गोष्ट गृहीत धरून चालले होते: नकाशा ही खाणवाल्यांच्या कामाची वस्तू, मुलांच्या तब्येतीशी तिचे देणेघेणे नाही. मी अठ्ठावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे, आणि माझे मत याच्या नेमके उलट आहे. हा नकाशा भारताने करावा, लवकर करावा. खनिजे मिळोत न मिळोत, त्या लेकरांसाठी करावा.

आधी हे शास्त्र काय आहे ते थोडक्यात सांगते. शिशाचे चार स्थिर समस्थानिक आहेत. त्यातला शिसे-२०४ पृथ्वी घडली तेव्हा जेवढा होता तेवढाच आजही आहे. बाकीचे तीन अजून वाढताहेत. युरेनियम-२३८ झिजत झिजत शिसे-२०६ होते, युरेनियम-२३५ चे शिसे-२०७ होते आणि थोरियमचे शिसे-२०८. म्हणजे खडक किती जुना आणि त्यात युरेनियम-थोरियम किती, यावर या चौघांचे आपसातले प्रमाण ठरते. पण शिसे एकदा युरेनियमपासून फारकत घेऊन खनिजाच्या शिरेत जाऊन बसले, की त्याच्यापुरते ते घड्याळ तिथेच थांबते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलचे खनिज सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे. त्यात २०६ आणि २०७ यांचे गुणोत्तर १.०४ आहे. आजच्या सर्वसाधारण मातीत ते १.२ च्या आसपास असते. आता ते शिसे वितळवा, बॅटरीत घाला, रंगात कालवा, पेट्रोलमधून जाळून धुरात सोडा. रसायन पार बदलेल, गुणोत्तर बदलणार नाही. नेहमीची मातीतपासणी शिसे किती आहे ते सांगते. समस्थानिक ते कुठून आले ते सांगतात. या दोन प्रश्नांतला फरक ध्यानात न आल्यामुळेच त्या दिवशीचा वाद भरकटला.

तो फरक मला एका कागदाने शिकवला. पूर्व नागपुरात राहणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी. तिच्या गल्लीत काही वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडायचे काम चाले. शेड बंद झाली, माणसे निघून गेली, पण तिचे मूल त्याच अंगणात रांगायला लागले आणि तिच्या जिवाला घोर लागला. तिने अंगणातली माती एका खाजगी प्रयोगशाळेत तपासून घेतली आणि कागद घेऊन माझ्याकडे आली. कागदावर एकच ओळ होती: शिसे, ६४ मिलिग्रॅम प्रति किलो. खाली शेरा: नैसर्गिक मर्यादेत. "मॅडम, हे बरं आहे का वाईट, सांगा ना जी." एवढी वर्षे फळ्यासमोर उभी राहिलेली मी, पण मला उत्तर देता आले नाही.

का देता आले नाही? कारण 'नैसर्गिक' म्हणजे कुठले नैसर्गिक, हे नागपुरात दर चार मैलांवर बदलते. सीताबर्डीची टेकडी दख्खनच्या काळ्या बेसाल्टची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्याची. शहराचा पश्चिम भाग याच दगडावर आणि त्याच्यापासून झालेल्या काळ्या मातीवर बसलेला आहे. पूर्वेला गेलात की पायाखाली नीस हा खडक येतो, बेसाल्टहून कितीतरी पटींनी प्राचीन. कामठीकडे गोंडवन काळातला वालुकाश्म आणि त्याच्या संगतीने कोळसा, तर मनसर-रामटेककडे मँगनीजचे खडक. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच नागपूरच्या परिसराचे भूशास्त्र लिहून ठेवले, ते याच विविधतेच्या ओढीने. बेसाल्टमध्ये शिसे मुळातच थोडे असते, ग्रॅनाइट आणि नीसमध्ये जास्त. म्हणून पश्चिमेकडच्या काळ्या मातीत ६४ हा आकडा निघाला तर बाहेरून काहीतरी आले आहे हे जवळजवळ नक्की. पूर्वेला तोच आकडा निघाला तर थोडा दगडाचा, थोडा भट्टीचा असू शकतो. त्यात कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची राख आहेच. २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा ती राख नदीपर्यंत कशी पोहोचते हे सगळ्यांनीच पाहिले, आणि कोळशाच्या राखेतही शिसे असते. दगड, राख आणि बॅटरी असे तीन संशयित, आणि पुरावा म्हणून हातात एकच आकडा. कुठला न्यायाधीश यावर निकाल देईल?

आता त्या कार्यकर्तीचे म्हणणे. ते हलक्यात घेण्यासारखे नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज असा की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. अशी मुले सुमारे ८० कोटी, आणि त्यातली साडेसत्तावीस कोटींच्या घरातली आपल्या देशातली. शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूवर घाला घालते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. उघड्यावर चालणारी बॅटरीची भट्टी बंद करायला कुठलाही नकाशा लागत नाही. भारतभरच्या पेट्रोलमधून २००० साली शिसे काढले, ते नकाशाविना. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग अशी घालणारे नियम २०१६ साली आले, तेही नकाशाविना, आणि दोन्ही वेळा सरकारचे बरोबरच होते. नकाशा होईपर्यंत थांबा असे कुणी म्हणू लागले तर मी त्या मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहीन.

पण दिसणारी भट्टी बंद झाल्यावर पुढे काय? जी शेड आता नाही, जिचा मालक गाव सोडून गेला, जिचे शिसे मात्र जागच्या जागी आहे, तिचे काय? शिसे कुजत नाही, विरघळून निघून जात नाही, मातीच्या वरच्या वितीभर थरात पिढ्यान्‌पिढ्या बसून राहते. अशा मातीबद्दल तक्रार केली की पहिले उत्तर काय मिळते हे ज्यांनी तक्रार केली आहे त्यांना विचारा. उत्तर मिळते, 'ते नैसर्गिक आहे.' सभागृहातल्या एका वयस्क गृहस्थांनी हीच भीती वेगळ्या तोंडाने बोलून दाखवली: नकाशा झाला की कारखानदार त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतील, बघा, इथे मुळातच शिसे आहे. त्या संध्याकाळचा हा सगळ्यात वजनदार आक्षेप होता. त्याचे उत्तर इतिहासात आहे, म्हणून तो इतिहास जरा सविस्तर सांगते.

क्लेअर पॅटरसन हा अमेरिकन भू-रसायनशास्त्रज्ञ. उल्केतले शिशाचे समस्थानिक मोजून त्याने १९५६ साली पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे ठरवले. आजही ते टिकून आहे. हे मोजमाप करताना त्याचा वर्षानुवर्षे छळ एकाच गोष्टीने केला: जिकडे बघावे तिकडे शिसे. हवेत, काचपात्रात, आम्लात, त्याच्या स्वतःच्या केसांत. धुऊन पुसून त्याने प्रयोगशाळा निर्मळ केली आणि मग त्याला प्रश्न पडला, हे एवढे शिसे आले कुठून? त्या काळी शिसेयुक्त पेट्रोलच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज रॉबर्ट किहो यांचा होता. ते त्या उद्योगाचे वैद्यकीय सल्लागार. त्यांचे म्हणणे असे, की शिसे माणसाच्या शरीरात नेहमीच असते, ते निसर्गाचेच आहे. शिशाशी संबंध न येणारे म्हणून जे कामगार त्यांनी तुलनेला घेतले, त्यांच्याही शरीरात शिसे निघाले होते, यावर तो सगळा युक्तिवाद उभा होता. पण ते कामगारही त्याच कारखान्यातले होते, तीच हवा घेत होते! तुलनेची पट्टीच डागाळलेली होती आणि चाळीस वर्षे कुणी ती तपासली नाही. पॅटरसनने ती तपासली. समुद्राच्या वरच्या पाण्यात खोल पाण्यापेक्षा शिसे कितीतरी जास्त आहे हे दाखवले, ध्रुवीय बर्फाचे जुने थर मोजले, सहकाऱ्यांबरोबर पेरूमधल्या प्राचीन माणसांची हाडे तपासली. त्या हाडांत आजच्या माणसाच्या तुलनेत शिसे शेकडो पटींनी कमी होते. नेहमी असते ते नैसर्गिक, हे समीकरण तिथे मोडले.

मग 'नैसर्गिक' या सबबीचा फायदा कोणाला होतो? मुळातले किती हे मोजलेले नसते तेव्हा तो प्रदूषण करणाऱ्याला होतो. ते मोजलेले असले की तीच सबब त्याच्या अंगाशी येते. वयस्क गृहस्थांची भीती खरी आहे, पण त्या भीतीवरचा उपाय नकाशा टाळण्यात नाही. कारखानदाराला 'इथले मूळ प्रमाण एवढे, आणि हे गुणोत्तर इथल्या दगडाचे नाही' असे सांगायला आज आपल्याकडे कागदच नाही.

रक्ततपासणी पुरेशी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी बांगलादेशकडे बघावे. तिथल्या खेड्यांतल्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे जास्त निघाले. आसपास कारखाना नव्हता. संशय शेतीच्या औषधांवर होता, डब्यांच्या झाळकामावर होता. संशोधकांनी रक्तातल्या शिशाचे समस्थानिक या सगळ्या संशयितांशी ताडून पाहिले आणि बोट वळले ते हळदीकडे. हळकुंडांना पिवळाधमक रंग यावा म्हणून त्यांवर लेड क्रोमेट हे शिशाचे रंगद्रव्य चोळत, बाजारात त्याला पिउरी म्हणत. २०१९ साली हे प्रसिद्ध झाले, सरकारने बाजारात छापे घातले, आणि २०१९ मध्ये ज्या हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे सापडत होते, ते प्रमाण २०२१ पर्यंत शून्यावर आले. रक्ताने सांगितले की विष आहे. ते कुठल्या वाटेने येते हे समस्थानिकांनी सांगितले. वाट कळली नसती तर त्या बायाबापड्यांना काय सांगितले असते, शेतात जाऊ नका? वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली, प्रामाणिक शेतकऱ्यांनी पिकवलेली. उद्या बाजारातल्या कुठल्याशा भेसळीपायी अख्ख्या हळदीवर संशय आला, तर आपल्या मातीतल्या शिशाची ओळख हाच त्या शेतकऱ्याचा बचाव असेल.

तज्ज्ञांचा एक आक्षेप मात्र मला अजूनही पूर्ण खोडता येत नाही, आणि तो सांगायलाच हवा. आजचे बहुतेक शिसे पुनर्वापराचे असते. एका बॅटरीत राजस्थानचे, ऑस्ट्रेलियाचे आणि आणखी कुठकुठले शिसे वितळून एक झालेले असते. त्याचे गुणोत्तर म्हणजे सगळ्यांची सरमिसळ, त्यावरून अमुक कारखाना असे नाव घेता येत नाही. हे खरे आहे. समस्थानिक एखाद्याला दोषी ठरवण्यापेक्षा एखाद्याला संशयातून वगळण्याच्या कामी जास्त येतात. पण माझ्या विद्यार्थिनीला नाव हवे होते का? तिला हवे होते एवढेच की हे शिसे अंगणाच्या दगडातले आहे की बाहेरून आलेले. सरमिसळ झालेले शिसेसुद्धा नीसच्या शिशाहून वेगळे ओळखू येऊ शकते, अट एवढीच की नीसचे शिसे कसे असते हे आधी नोंदवलेले हवे. नकाशापाठोपाठ खाणी येतील या भीतीबद्दल फार लिहीत नाही. असा नकाशा खनिज शोधणाऱ्यांच्याही उपयोगी पडतो, ऑस्ट्रेलियात त्याचा तोही हेतू आहे, आणि गडचिरोलीच्या माणसाला यात धोका दिसला तर तो अनाठायी नाही. पण तो लढा ग्रामसभेच्या संमतीचा आहे, माहिती दडवून तो जिंकता येत नाही.

खर्चाचे काय? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा राष्ट्रीय भू-रासायनिक नकाशांकनाचा कार्यक्रम चालू आहेच. त्याच्या मध्य क्षेत्राचे मुख्यालय आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर आहे. दर चौरस किलोमीटरला ओढ्या-नाल्यांतला गाळ घेतात, असे चार नमुने एकत्र करून त्यातली साठएक मूलद्रव्ये मोजतात. म्हणजे पायपीट, चाळण्या, पिशव्या, चिठ्ठ्या हा सगळ्यात कष्टाचा भाग आपण करतोच आहोत. ऑस्ट्रेलियाने त्यांचे सर्वेक्षण २०११ साली पूर्ण केले ते ११८६ ठिकाणांवर, साधारण ५२०० चौरस किलोमीटरला एक ठिकाण, आणि त्यातून खंडाचा ८१ टक्के भाग आला. प्रत्येक ठिकाणी वरचा १० सेंटिमीटर थर घेतला आणि ६० ते ८० सेंटिमीटर खोलीचाही घेतला. समस्थानिकांचा नकाशा त्याच नमुन्यांवर उभा राहिला. तोच हिशेब इथे लावा. भारताला सुमारे ६३० ठिकाणे लागतील, महाराष्ट्राच्या वाट्याला साठएक आणि आपल्या विदर्भाच्या वाट्याला १९. एकोणीस ठिकाणांचा गाळ आम्लात विरघळवून वस्तुमानमापीत, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, घालणे देशाला झेपणार नाही का?

एवढ्या विरळ जाळीने गल्लीतली भट्टी थोडीच सापडणार, असे कुणी म्हणेल. नाही सापडणार. विल्यम लॅम्टन या इंग्रज सर्वेक्षकाने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ, देश त्रिकोणांनी मोजण्यासाठी, पहिली पायारेषा मोजायला घेतली तेव्हा त्यालाही असेच विचारले गेले होते. सर्वेक्षणाच्या इतिहासात नोंदलेली गोष्ट आहे: मद्रासच्या वित्त समितीतले एक सदस्य म्हणाले, श्रीरंगपट्टणला जायचे झाले तर पालखीच्या भोयांना सांगितले की पुरे, त्यासाठी मोजणी कशाला? लॅम्टनने वीस वर्षे ते त्रिकोण उत्तरेकडे सरकवत आणले आणि जानेवारी १८२३ मध्ये नागपूरला येता येता हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर आजही तिथे आहे. आपला झिरो माइलचा खांब त्याच त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या परंपरेतला. लॅम्टनच्या मोठ्या त्रिकोणांत कुणाचे शेत दिसत नव्हते, विहीर दिसत नव्हती. पण पुढच्या सगळ्या बारीक मोजण्या ज्याला बांधायच्या ते खुंट त्याने रोवले. आधी मोठी जाळी, मग त्यात तालुका, मग गल्ली. क्रम उलटा केला तर प्रत्येक गल्लीचा आकडा माझ्याकडे आलेल्या त्या कागदासारखा अधांतरी राहतो.

विदर्भाला तर खोलवरचे जुने थर मोजण्याची आणखी एक सोय आहे आणि ती आपण डोळ्यांदेखत घालवतो आहोत. भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव, आपले मामा तलाव. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधत आणलेले. यांच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एक पातळ थर बसत गेला. वरच्या थरात पेट्रोलच्या काळाचे शिसे असेल, औष्णिक केंद्रांची राख असेल. त्याखाली काठावरच्या देवाला पिढ्यान्‌पिढ्या लावलेल्या शेंदराचेही असेल, कारण शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म. आणि अगदी तळाशी, तलाव नवा होता तेव्हाचे, केवळ दगडाचे शिसे. पेट्रोल यायच्या आधीचा विदर्भ इतक्या व्यवस्थित एकावर एक रचून ठेवलेला दुसरीकडे कुठे सापडेल? (जाता जाता: सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. ते शिसे कुठल्या खाणीचे, हे विचारायलाही असा नकाशा हवाच.)

२०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत राज्यातल्या तलावांचा गाळ निघतो आहे. योजना चांगली आहे. तलावात पाणी वाढते, शेतकऱ्याच्या हलक्या जमिनीला कस येतो, ती थांबवा असे मी म्हणत नाही. पण जेसीबीचा खोरा एकदा तळापर्यंत गेला की दोनशे-तीनशे वर्षांचे थर एका ट्रॉलीत कालवले जाऊन धानाच्या बांधीत पसरतात आणि ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. नमुना घ्यायला काय लागते? प्लास्टिकची दीड-दोन मीटरची नळी, ती गाळात सरळ ठोकायला दोन माणसे, वर-खाली खूण करायला एक शाईची पेन, आणि गावाचे नाव, तारीख, खोली लिहिलेली चिठ्ठी. महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हे एका सकाळी जमेल. एप्रिलमध्ये पाणी उतरते आणि ट्रॅक्टर काठावर येऊन उभे राहतात. सर्वेक्षणाने, विद्यापीठाने, जिल्हा परिषदेने, ज्याला जमेल त्याने, यंदा ते तळ्यात उतरायच्या आधी प्रत्येक तालुक्यातल्या निदान एका तलावातून अशी एक नळी काढून जपून ठेवावी. तपासणी वर्षाने झाली तरी चालेल.